नदीकाठचं कुठलंही ठाणं

दुपारी जेवण झालं की माझी लेक येरुती झोपते आणि तिच्याबरोबर सगळं लोमा क्लारा गाव झोपतं. दुकानांची दारं ओढलेली, कुत्री आंब्याखाली पसरलेली. तेवढा वेळ माझा. एका पायाने तिचा झुला हलवत मी लिहिते. पाय थांबला की ती डोळे उघडते, म्हणून फार विचार करत बसता येत नाही.

मला लिहायचं आहे ते बाबांच्या बदलीबद्दल.

माझे बाबा, लिबोरियो ओवेलार, तेव्हा देश मुठीत ठेवणाऱ्या जनरलच्या रक्षक दलात सार्जंट होते. जनरलचा ना सैन्यावर पुरता भरवसा होता ना पोलिसांवर, म्हणून त्याने हे तिसरं दल उभं केलं होतं. गळ्यात लाल रुमाल. तो रुमाल समोरून आला की लोक रस्ता बदलायचे. पण हे सगळं मला मोठेपणी कळलं. माझा जन्म झाला पुएर्तो तारुमाच्या ठाण्यावर, आणि तिथे रस्ता बदलायला मुळात रस्ताच नव्हता. एक धक्का, एक झेंड्याचा खांब, ताडाच्या पानांनी शाकारलेलं आमचं घर, आणि समोर नदी.

बाबांचं काम म्हणजे सकाळी झेंडा चढवायचा, संध्याकाळी उतरवायचा आणि मधल्या वेळात नदीकडे बघायचं. ते गणवेशाची विजार घालत, वर उघडेच असत. बोट येणार असली तेवढा सदरा चढायचा. बोट म्हणजे आमचा सण. डेकवरून खलाशी संत्री फेकायचे, मी फ्रॉकचा ओचा धरायची, बाबा टोपी धरायचे, आणि निम्मी संत्री पाण्यात पडून डुलत डुलत खाली ब्राझीलचा माल वाहणाऱ्या पडावांच्या मागे निघून जायची. मला वाटायचं, सगळ्या बापांना टोपी दिलेली असते ती संत्री झेलायलाच.

लाल रुमालातून आई पेरूचा गर गाळायची. डाग दिसायचे नाहीत. "या दलाचा एवढा एकच उपयोग," ती म्हणायची. बाबा घाबरून इकडेतिकडे बघायचे. इकडेतिकडे बगळे असायचे.

आई बाबांवर तेव्हा रोज डाफरायची. "यांच्या ताठ मानेपायी मी इथे डासांना रक्त पाजतेय!"

"अगं विदालिना, मीच मागितली होती बदली. अर्ज केला होता."

"हो ना. आणि जनरल म्हणाला असेल, या लिबोरियो, बसा, गार तेरेरे घेणार?"

बाबा हसायचे. आई डाफरत डाफरतच झोपून जायची, आणि छान झोपायची. सकाळी उठून म्हणायची, "देवाने शिक्षा दिली तीही नदीकाठी. तेवढी त्याची दया."

शिक्षा कशाची, ते सांगायला हवं.

बाबा आधी इथे, लोमा क्लाराला, दलाच्या तिसऱ्या तुकडीत होते. त्यांची बदली झाली आणि थोड्याच दिवसांत त्या तुकडीने एस्तेरितोची वस्ती जाळली. तिथली माणसं जमिनीचे कागद मागत होती, एवढाच त्यांचा गुन्हा. किती जण परत आले नाहीत याचा आकडा आजही ज्याचा त्याचा वेगळा आहे. तर गावाने एकाला एक जोडलं. सार्जंट लिबोरियोला एस्तेरितोला जायला सांगितलं, तो नाही म्हणाला, म्हणून त्याला नदीवर फेकलं.

बाबा म्हणायचे, मी अर्ज केला होता. त्यावर सगळे डोळा मारायचे. कारण दलात कुणाला शिक्षा होतच नसे, निदान कागदावर तरी. जनरलचं दल म्हणजे सुखी कुटुंब, तिथे शिक्षा कशाला? ज्याला हाकलायचं त्याच्यापुढे आधीच टाइप केलेला अर्ज ठेवायचे. 'मला चाकोच्या रानात काम करण्याची मनापासून इच्छा आहे.' माणूस सही करायचा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या तुकडीसमोर आदेश वाचला जायचा, की अमक्याच्या विनंतीस मान देऊन त्याची बदली करण्यात येत आहे. त्यामुळे अर्ज केला म्हणणाऱ्याचा अर्थ गावाला पाठ होता. त्या काळात आपणहून कोण काय मागत होतं?

जनरल गेला, दल मोडलं, आम्ही गावात परतलो. बाबांना वाटत होतं लोक दगड मारतील. लोकांनी आईला चर्चमध्ये पुढच्या बाकावर जागा करून दिली. पाववाली न्या पास्तोरा, म्हणजे पास्तोराबाई, जिचा दीर एस्तेरितोहून परतला नव्हता, ती स्वतः उठून म्हणाली, "इथे बस विदालिना. तुझ्या माणसाने हात काळे केले नाहीत."

बाबा दारात उभे होते. ते म्हणाले, "मी अर्ज केला होता, न्या पास्तोरा."

"माहीत आहे हो," ती म्हणाली, आणि तिने डोळा मारला.

बाबा गेले त्याला आता दोन उन्हाळे झाले. या वर्षी गावाने ठरवलं, की एस्तेरितोच्या माणसांची आणि जे तिथे जायला नाही म्हणाले त्या शिपायांची नावं शनिवारी शाळेच्या अंगणात वाचायची, मग ती फरशीवर कोरून भिंतीत बसवायची. आईने निळा झगा काढला, त्याला स्वतः विणलेल्या जाळीची नवी कॉलर लावली. दोन आठवडे घरात दुसरा विषय नव्हता. "लिबोरियो ओवेलार," ती कामं करता करता मोठ्याने म्हणून बघायची, माइकवर कसं ऐकू येईल ते.

ती यादी तयार होत होती मी कामाला जायची त्या खोलीत.

आमची खोली म्हणजे दलाची जुनी कचेरी. दल गेल्यावर तिथे बायकांचा शिवणवर्ग निघाला. कपाटांत दलाच्या आदेशांचे गठ्ठे होते, पातळ कागद, मागची बाजू कोरी. मग काय, बायकांनी त्यावर नमुने आखले आणि कापले. जनरलच्या रक्षक दलाची कितीतरी वर्षं बाह्या, कॉलर आणि खिशांच्या आकारात शिल्लक राहिली. आसुन्सिओनहून एलेउतेरिया बाई आल्या, विद्यापीठात इतिहास शिकवणाऱ्या, त्यांनी पहिल्या दिवशी एक विजारीचा पाय उलटा केला, वाचला, आणि खुर्चीत बसल्या. "कुणी काही टाकू नका," म्हणाल्या, "पोरींनो, कात्र्या खाली ठेवा."

मला टाइपिंग येत होतं, म्हणून मी त्यांच्याकडे कामाला लागले. येरुती चार महिन्यांची होती, कापडाच्या पेटीत झोपायची. मी आदेश वाचायची आणि एकेका माणसाचं कार्ड करायची. कोण कुठून कुठे गेला, कुणाला बढती, कुणाला लग्नाची परवानगी, कुणाला नवे बूट. मारहाण, जाळपोळ, यांतलं एक अक्षर कुठे नाही. पण एका तुकडीतल्या सगळ्यांच्या रजा एकाच दिवशी रद्द झाल्या की बाई पेन्सिल थांबवायच्या. आणि पुढच्या पानावर बढत्या आल्या की म्हणायच्या, "हं. काहीतरी करून आले."

मला सुरुवातीला वाटायचं, आदेशात लिहिलंय म्हणजे तसं झालं. बाई हसायच्या. "आदेश म्हणजे काय झालं ते नाही गं. काय व्हावं असं कुणाला तरी वाटलं, ते. तुझी आई तुला सांगते ते सगळं तू करतेस का?"

"नाही बाई."

"मग?" आणि चिपाचा, चीज घातलेल्या पावाचा, तुकडा तोंडात टाकून आम्हालाच दटावायच्या, "कागदांवर चुरा सांडू नका."

बाबांचं कार्ड मीच केलं होतं. बदली, तारुमा, स्वतःच्या अर्जावरून. एस्तेरितोच्या आधी. नाही म्हणणाऱ्या इतर तिघांसारखंच. तेही स्वतःच्या अर्जावरून, तेही दूर कुठेतरी. ते कार्ड मी त्या तिघांच्या कार्डांशेजारी ठेवलं आणि दिवसभर खुशीत होते.

बुधवारी बाईंनी हाक मारली. "सुनिल्दा, पोरीला खाली ठेव आणि इकडे ये."

"आत्ताच डोळा लागलाय, बाई. ठेवली तर उठेल."

"मग घेऊनच ये."

त्यांच्यापुढे तान्ह्या बाळाच्या झबल्याचा नमुना होता. पुढचा भाग, गळा गोल कापलेला. त्यांनी तो उलटा करून माझ्याकडे सरकवला. गळ्याच्या खाली, जिथे बटणं येतात तिथे, ओळ होती: सार्जंट लिबोरियो ओवेलार, तिसरी तुकडी. नदीकाठच्या कुठल्याही ठाण्यावर बदली मिळावी, असा अर्ज. नामंजूर. तुकडीत गरज आहे.

मी दोनदा वाचलं. "हे कधीचं?"

"एस्तेरितोच्या आदल्या वर्षीचं. फेब्रुवारी. आणि मंजुरीचा आदेश तू पाहिलास ना, त्यात वर एक आधीचा क्रमांक दिलाय. तो हा."

मला समजलं होतं, तरी मी विचारलं, "म्हणजे?"

"म्हणजे हाकलायच्या माणसाचा अर्ज कुणी नामंजूर करत नाही." बाई हळू बोलत होत्या, येरुतीमुळे की माझ्यामुळे, कोण जाणे. "बाकी तिघांचे बघ. आज अर्ज, उद्या बदली. तुझ्या बाबांनी मागितलं, मिळालं नाही, पुन्हा मागितलं. तो खरा अर्ज होता, सुनिल्दा. एस्तेरितोला जायची वेळ त्यांच्यावर आलीच नाही. ते आधीच निघून गेले होते."

"त्यांना कळलं असेल ना? पुढे काय होणार ते? म्हणून—"

"असेल. नसेल. एवढंसं झबलं आहे हे. त्याला किती विचारणार?"

 बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मला यादीत नाव घालता येणार नाही. उद्या छापायला जाईल. पण आईला तू सांग. माइकसमोर कळायला नको."

घरी आले तर आई आंब्याखाली बसली होती, मांडीवर झगा, हातात सुई. तिने बर्फाचं पाणी काढलं, मी शिंगाच्या पेल्यात चहासारखी कडू पानं भरली, आणि आमची तेरेरेची फेरी सुरू झाली. मी भरून देते, ती नळीने ओढते, पेला परत देते, मी माझ्यासाठी भरते. एरवी हे तासभर चालतं.

"आई, यादीत बाबांचं नाव नाहीये."

"छापणाऱ्याने खाल्लं असेल. दारुडा आहे तो. जा सांग त्याला."

"छापायला अजून गेली नाही. बाईंनीच घातलं नाही. बाबांनी खरंच अर्ज केला होता, आई."

ती हसली. "झालं. आता तूसुद्धा?"

"पहिला अर्ज नामंजूर झाला होता. मग त्यांनी दुसरा केला. मी कागद पाहिला."

मी भरलेला पेला तिच्यापुढे धरला. तिने तो घेतला, ओढला, परत दिला आणि म्हणाली, "आभार."

तेरेरेच्या फेरीत आभार मानणं म्हणजे पुरे, आता मला भरू नकोस. आई पहिल्याच पेल्याला आभार म्हणालेली मी कधी पाहिली नव्हती.

"म्हणजे तो कुणाला नाही म्हणालाच नाही," ती म्हणाली.

"नाही."

"मी त्या बाकावर बसते. दर रविवारी. ती पास्तोरा मला पुढे बसवते."

"आई—"

"भोपळ्यासारखी बसते गं मी, सगळ्यांच्या पुढे!" तिने सुई झग्यात टोचली आणि झगा बाजूला ठेवला.  मग म्हणाली, "तारुमाच मागितलं होतं का त्याने? त्या डासांच्या बिळात जायला कोण अर्ज करतं?"

"तारुमा नव्हतं लिहिलं. लिहिलं होतं, नदीकाठचं कुठलंही ठाणं."

"काय?"

"नदीकाठचं कुठलंही ठाणं."

"कधी? पहिला अर्ज कधीचा म्हणालीस?"

"फेब्रुवारी. एस्तेरितोच्या आदल्या वर्षी."

तिने बोटांवर काहीतरी मोजलं, आणि मोजता मोजता तिचा चेहरा बदलला. माझ्याआधी एक भाऊ होता, हे मला माहीत होतं. इथल्याच दलाच्या चाळीत झाला आणि काही आठवडेच राहिला. त्याबद्दल घरात कुणी बोलत नसे. त्या दुपारी आई बोलली. ती नावाड्याची मुलगी, नदीवरच वाढलेली. बाळ गेल्यावर तिची झोप गेली. चाळीत रात्री काहीच ऐकू यायचं नाही, फक्त पहारेकऱ्याचे बूट.

"एकदा म्हटलं होतं मी त्याला. एकदाच हं. म्हटलं, नदीचा आवाज असता तर झोप लागली असती बघ. तो काही बोललाच नाही. म्हटलं, ऐकलंसुद्धा नसेल, बूट पुसत बसला होता मेला."

 येरुती जागी होऊन झग्याची नवी कॉलर ओढत होती.

"दोनदा मागितलं?" आई म्हणाली.

"दोनदा."

"त्या लोकांकडे? ज्यांच्याकडे पाणी मागायची कुणाची छाती होत नव्हती?" तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती चिडलेली होती. "आणि मी इतकी वर्षं त्याला शिव्या घातल्या. डासांवरून!"

"बाबा हसायचे तुला."

"हसायचा म्हणून तर जास्त घालायचे." तिने पदरासारखा धरून झग्यालाच डोळे पुसले. "सांगायचं ना नीट. धरून सांगायचं. विदालिना, तुझ्या झोपेसाठी मागितलं, असं."

"सांगत होते की. रोज."

ती थोडी हसली. मग एकदम थांबली. "त्याच्या जागी कोण आलं, सुनि?"

हा प्रश्न ती विचारणार नाही अशी मला आशा होती. मंजुरीच्या आदेशात पुढच्याच ओळीत ते नाव आहे. तरुण होता तो, नुकतीच बढती मिळालेला. एस्तेरितोला तो गेला. मी तिला सांगितलं.

आईने मान हलवली. "म्हणजे माझी झोप काही फुकट नव्हती," ती म्हणाली. आणि मग, "शनिवारी आपण मागे बसायचं."

आम्ही मागेच बसलो. निळा झगा मात्र तिने घातला होता. अंगणात सगळं गाव होतं. एस्तेरितोची नावं वाचायला बराच वेळ लागला, मधे मधे कुणाचं तरी रडणं यायचं आणि वाचणारा मुलगा थांबायचा. न्या पास्तोराच्या दिराचं नाव आलं तेव्हा आईने उठून छातीवर क्रूसाची खूण केली. मग तीन शिपाई. त्यांच्यातल्या एकाची विधवा काठी टेकत पुढे आली, दोन पोरी तिला धरून होत्या. तिचा नवरा चाकोहून परत आलाच नव्हता. आई तिच्याकडे बघत होती, आणि मला दिसलं की ती हळूच खाली वाकून आपली जाळीची कॉलर आत दुमडतेय.

नावं संपली. न्या पास्तोरा खुर्च्यांमधून वाट काढत आमच्याकडे आली, लाल झालेले डोळे, हातात चिपाची टोपली. "हे काय चाललंय? लिबोरियोचं नाव कुठाय? आणि तू मागे का बसलीस? थांब, मी त्या आसुन्सिओनच्या बाईला विचारतेच."

"बस गं पास्तोरा. काही चूक झालेली नाही." आईने तिचा हात धरला. "त्याला कुणी पाठवलं नव्हतं नदीवर. माझ्या माणसाने अर्ज केला होता."

न्या पास्तोरा थांबली. तिने आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग तिचा सगळा चेहरा मऊ झाला, ती वाकली, आणि आईचा गाल थोपटत म्हणाली, "माहीत आहे हो."

आणि तिने डोळा मारला.

"नाही, ऐक, पास्तोरा, खरंच! दोनदा! पहिला नामंजूर—"

"हो, हो, दोनदा. घे, चिपा खा. शेवटपर्यंत तस्सेच तुम्ही दोघं." ती आईच्या मांडीवर दोन चिपा ठेवून पुढच्या रांगेकडे गेलीसुद्धा.

आई तोंड उघडं ठेवून तिच्या पाठीकडे बघत राहिली. मग तिला हसू फुटलं. इतकं, की तिला खुर्ची धरावी लागली आणि पुढचे लोक वळून बघायला लागले.

"बिचारा," ती म्हणाली, श्वास सापडल्यावर. "बिचारा लिबोरियो." आणि येरुतीला माझ्याकडून घेऊन तिने तिच्या हातात चिपाचा एक तुकडा दिला.